दुधावर आपले आठ टक्के, अमेरिकेचा एक: हा तक्ता वाचायचा कसा?

प्रश्न अमळनेरच्या एका ताईंचा आहे. घरात चार माणसं. रोज दोन लिटर दुधाचा रतीब, आठवड्याला अर्धा ट्रे अंडी, महिन्याला अर्धा किलो तूप. नणंद जर्मनीत असते. तिने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता टाकला: दूध-अंड्यांवर भारतातलं कुटुंब एकूण खर्चाच्या आठ टक्के घालतं, अमेरिकेतलं जेमतेम एक टक्का. ताई विचारतात, "म्हणजे आपल्याकडे दूध आठपट महाग आहे का? की आपणच जास्त पितो? आणि आमचा घरखर्च अडतीस हजार, त्यात दूध-अंडी-तुपाचे साडेचार हजार. हे जास्त होतं का?"

माझी सगळी नोकरी जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्या करण्यात गेली. लोकांच्या ओसरीवर बसून "महिन्याला दूध किती लागतं?" हे विचारायचं आणि छापील रकान्यात लिहायचं, हेच काम. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे दूध आठपट महाग नाही आणि आपण आठपट पीतही नाही. आठ आणि एक हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते एकाच तराजूतून आलेले नाहीत.

आठचा आकडा बहुतेक आपल्या घरगुती उपभोग खर्च पाहणीतला असावा. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षात देशभरातल्या २ लाख ६१ हजारांहून जास्त कुटुंबांची ती पाहणी झाली. ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ३,७७३ रुपये आला आणि त्यातला ८.३३ टक्के दूध व दुधाच्या पदार्थांवर. शहरी भागात ६,४५९ रुपये, त्यातला ७.२२ टक्के. रुपयांत सांगायचं तर खेड्यात माणशी महिन्याला ३१४, शहरात ४६६. एक गोष्ट तर मला स्वतःला मोठी वाटते. खेड्यातही दुधावरचा खर्च आता धान्यावरच्या खर्चापेक्षा जास्त आहे. धान्याचा वाटा ४.९१ टक्क्यांवर आला आहे. रेशनचं धान्य हे त्याचं एक कारण, पण एकमेव नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात ज्वारी-बाजरीचा रकाना भरताना जेवढा वेळ लागायचा, तेवढा नंतर दुधाला लागायला लागला.

अमेरिकेचा आकडा त्यांच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या पाहणीतून निघतो. २०२३ मध्ये तिथल्या सरासरी कुटुंबाचा वर्षाचा खर्च ७७,२८० डॉलर होता. घरी शिजवायच्या अन्नावर त्यातले ६,०५३ डॉलर, म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. या अन्नखर्चाचा सुमारे दहावा हिस्सा दूध, चीज, दही, आइस्क्रीम यांचा असतो. म्हणजे महिन्याला कुटुंबामागे ५० डॉलरच्या आसपास. त्यांचं कुटुंब सरासरी अडीच माणसांचं. रुपयांत माणशी सोळाशे-सतराशे झाले. आपल्या शहरी माणसाच्या साडेतीनपट पैसे अमेरिकन माणूस दुधावर घालतो, तरी त्याचा टक्का एकच दिसतो, कारण ज्याला भागायचं तो आकडाच अवाढव्य आहे.

त्या भागायच्या आकड्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्या पाहणीत स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडं खर्चात धरत नाहीत. खेड्यात तर घर स्वतःचंच असतं, मग एकूण खर्चात घराचा भाग जवळपास शून्य. अमेरिकेच्या हिशेबात घरकर्जाचं व्याज आहे, मालमत्ता कर आहे, आरोग्य विम्याचा हप्ता आहे, इतकंच काय, निवृत्तिवेतनासाठी कापली जाणारी वर्गणीसुद्धा खर्चातच आहे. आपल्याकडच्या नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी उद्या घरखर्चात धरला, तर त्याच्या दुधाचा टक्का त्याच दिवशी खाली येईल. दूध तेवढंच, चहाही तेवढाच.

आता जरा ओसरीवर येऊ, कारण आकडा तिथे जन्मतो.

पारोळा तालुक्यातलं एक घर. गोठ्यात दोन म्हशी. सकाळचं दूध डेअरीला जातं, संध्याकाळचं थोडं घरी राहतं. मी घरधन्याला विचारलं, दुधाचा महिन्याचा खर्च किती? तो हसून म्हणाला, "घरनं दूध शे भाऊ, तेना कसाना खर्च?" त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, खिशातून दमडी जात नव्हती. पण पाहणीचा नियम असा की घरचं उत्पादन घरी खाल्लं तर तोही उपभोग आहे आणि त्याची किंमत धरायची. कुठल्या भावाने? गोठ्यावरच्या भावाने, म्हणजे डेअरी त्याच्या हातात जो भाव टेकवते त्याने. मग सुनेला विचारलं. तिने कपाटावरचं पितळी माप काढून दाखवलं. सकाळी चहापुरतं अर्धं, संध्याकाळी एक, लेकराला वेगळं पाव. पुरुषाला लिटरचा भाव आणि फॅट तोंडपाठ असते, पण घरात किती लागतं ते बाईलाच ठाऊक.

समजा ते रोजचं दीड लिटर धरलं आणि डेअरीचा भाव ५० रुपये. महिन्याचे २,२५० झाले. तेच दूध शेजारच्या शिक्षकाच्या घरी ७० रुपयांनी रतीबाने जातं, त्याच्या कागदावर ३,१५० लागतात. दूध एकाच म्हशीचं, मापही एकच, आणि दोन घरांच्या 'खर्चात' ९०० रुपयांचा फरक. जिथे घरोघरी जनावर आहे त्या देशाची तुलना जिथे सगळं दूध दुकानातून येतं त्या देशाशी करताना हा फरक कायम पोटात असतो.

त्याच घरात पुढे दही होतं, ताक होतं, लोणी कढवून तूप होतं. ते वेगवेगळं लिहीत नाहीत. घरच्या दुधाचं घरीच जे काही केलं ते दुधाच्या ओळीतच राहतं. बाजारातून तुपाचा डबा आणला तर मात्र तुपाची स्वतंत्र ओळ. आणि पारोळ्याच्या स्टँडवर प्यालेला कट चहा? तो पेयांमध्ये. पेढे, बासुंदी विकत आणली तर ती तयार गोड पदार्थांमध्ये. म्हणून देशाचं दूध उत्पादन बघितलं तर २०२३-२४ मध्ये माणशी रोज ४७१ ग्रॅम येतं, आणि घराघरांत विचारलं तर त्याच्या निम्म्याच्याही खाली भरतं. २०११-१२ च्या पाहणीत खेड्यात माणशी महिन्याला सव्वाचार लिटर आणि शहरात साडेपाच लिटरच्या आत दूध आलं होतं. बाकीचं दूध पळालेलं नसतं. ते हॉटेलात, हलवायाकडे, आइस्क्रीममध्ये, भुकटीत आणि वासरांच्या पोटात असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. दुधाबद्दल आम्ही मागच्या तीस दिवसांचं विचारायचो, अंड्यांबद्दल मागच्या सात दिवसांचं. दूध रोज ठरलेलं असतं, महिन्याचा हिशेब कॅलेंडरवर खुणा करून भिंतीवरच टांगलेला असतो. अंडी मात्र मनात आलं की आणायची, महिन्याचं विचारलं तर माणूस अंदाजाने ठोकून देतो. आता हीच पाहणी श्रावणात केली तर? खान्देशातली निम्मी घरं सात दिवसांत अंडं शून्य सांगतील. त्याच श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे आपल्याकडचा कानबाई देवीचा सण असतो, त्या घरी खिरीसाठी दुधाचा आकडा एकदम वर जातो. म्हणूनच पाहणी बारा महिन्यांत विभागून करतात. एखाद्या महिन्याचा आकडा उचलून कुणी निष्कर्ष काढत असेल तर तिथेच थांबवा.

दुसऱ्या देशांत विचारायची रीतही निराळी. जपानमध्ये निवडलेली कुटुंबं सहा महिने घरखर्चाची वही लिहितात, रोजची खरेदी रोज. ब्रिटनमध्ये दोन आठवड्यांची डायरी. अमेरिकेत एकेक आठवड्याच्या दोन डायऱ्या, शिवाय दर तीन महिन्यांनी होणारी वेगळी मुलाखत. आमचं सगळं आठवणीवर. मला विचाराल तर खेड्यातल्या बाईची दुधाबद्दलची आठवण वहीपेक्षा पक्की असते. चटकमटक खाण्याबद्दलची मात्र कुणाचीच नसते.

आता रकान्यांचा घोळ. ताईंच्या तक्त्यात दूध आणि अंडी एकत्र का आहेत? कारण संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत दूध, चीज आणि अंडी असा एकच गट आहे. आपल्या पाहणीत अंडी मांस-मासळीच्या गटात बसतात. अमेरिकेच्या खर्च पाहणीतही अंडी मांसाच्याच पंगतीला. उलट तूप आणि लोणी आपण दुधाच्या पदार्थांत धरतो, तर संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत ती तेल-चरबीच्या गटात जातात. वरण-बट्टीवर तुपाची धार धरणाऱ्या आपल्या भागात हा फरक लहान नाही. सणासुदीच्या महिन्यात एखाद्या घराचं तुपाचं बिल दुधाच्या निम्म्यावर जातं. ते एका तक्त्यात आहे, दुसऱ्यात नाही. तक्ता ज्याने बनवला त्याने रकाने जुळवून घेतले की नुसतेच शेजारी शेजारी ठेवले, हे तक्त्यावरून कळत नाही. माझा अनुभव असा की फॉरवर्ड होत फिरणाऱ्या तक्त्यांत बहुधा नुसतेच ठेवलेले असतात.

अंड्यांचं वजन आपल्याकडे किती कमी आहे तेही बघा. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे महागाई मोजायच्या मापात, दूध व दुधाच्या पदार्थांचं वजन शंभरात ६.६१ होतं, अंड्याचं ०.४३. पंधरापटीचा फरक. म्हणजे 'दूध-अंडी' म्हटलं तरी भारताच्या बाबतीत तो जवळजवळ दुधाचाच आकडा असतो. मेक्सिको किंवा जपानच्या बाबतीत असं म्हणता येणार नाही. मेक्सिकोत माणशी दिवसाला एकाहून जास्त अंडं पडतं, जपानमध्येही त्याच्या जवळपास. आपलं उत्पादनच वर्षाला माणशी शंभराच्या थोडं वर, २०२३-२४ मध्ये १०३.

मग महाग कुठे, स्वस्त कुठे? डॉलरचे रुपये करून भाव बघितले तर अमेरिकेत दूध लिटरला नव्वदीच्या आसपास पडतं, आपल्याकडे साठ-सत्तरला. फार फरक नाही. केस कापायला मात्र तिथे आपल्या दहापट पैसे लागतात. गरीब देशात ज्या गोष्टी नुसत्या माणसाच्या श्रमावर चालतात त्या खूप स्वस्त असतात. दुधात सरकी ढेप आहे, कडबा आहे, डिझेल आहे, म्हशीची किंमत आहे. ते तेवढ्या प्रमाणात स्वस्त होत नाही. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबात एका डॉलरचं काम भारतात सुमारे वीस रुपयांत होतं असं धरतात. सगळ्या खर्चाची ती सरासरी आहे. दुधाला ती लावली तर आपलं दूध अमेरिकेपेक्षा महाग निघतं आणि खिशाच्या अंगाने तेच खरं आहे.

मी यासाठी एक साधं माप वापरतो: एक लिटर दुधासाठी किती मिनिटं राबावं लागतं. जर्मनीत २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं आणि दुकानातलं साधं दूध लिटरला एक युरोच्या आसपास. पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे कापूस वेचणीला किंवा निंदणीला जाणाऱ्या बाईचा रोज ३०० धरला आणि आठ तासांचा दिवस, तर साठ रुपयांच्या लिटरला ९६ मिनिटं. जवळजवळ वीसपट. अंड्याचं याच मापाने बघा. सात रुपयांच्या अंड्याला तिची अकरा मिनिटं, जर्मनीत वीस सेंटच्या अंड्याला एक मिनिट. अकरापट. ताई, तुम्ही "आठपट महाग का" विचारलंत. कमावणाऱ्याच्या घामात मोजलं तर मजुराला दूध आठपटीहून बरंच जास्त महाग आहे आणि नोकरदाराला कितीतरी कमी. देशाच्या सरासरीत हे दोघे एकाच ओळीत बसतात.

यातून एक उलटी गोष्ट निघते. एका लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं, साठ रुपयांना. पाच अंड्यांत तीसच्या वर, पस्तीस रुपयांना. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात मी फिरलो तेव्हा कितीतरी घरांत दुधाची ओळ कोरी असायची, चहा काळाच. पण कोंबडी दारात असायची. अंडं विकायला जायचं आणि मुलांना अंगणवाडीत मिळायचं. अमृत आहार योजनेत तिथल्या बालकांना आठवड्यातून चार वेळा अंडं किंवा केळी मिळते. ते अंडं मुलाच्या पोटात जातं, कुटुंबाच्या खर्चात मात्र येत नाही. इकडे रावेर-यावलकडच्या माळकरी घरांत पैसा आहे, पण अंड्याची ओळ कायमची शून्य, त्याची भरपाई दूध आणि तुपाने होते. टक्केवारी या दोन घरांबद्दल काय सांगणार?

अर्नस्ट एंगेल या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवलं होतं की उत्पन्न वाढलं की अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो. अन्नाला हा नियम अजून लागू आहे. पण दूध-अंडी सुरुवातीला उलटी चालतात. अगदी गरिबीत वाटा लहान, कारण परवडतच नाही. हातात पैसा आला की आधी चहा दुधाचा होतो, मग मुलांना पेला, मग दही, तूप. वाटा वाढत जातो. पुढे पोट भरलं की घटायला लागतो. आपला देश सध्या मधल्या चढावर आहे, अमेरिका-जर्मनी उताराच्या पायथ्याशी. नायजेरिया चढाच्याही अलीकडे. तिथे २०१९ मध्ये घरखर्चाचा ५६ टक्क्यांहून जास्त भाग अन्नावर गेला, पण दूध म्हणजे मुख्यतः आयात केलेली भुकटी, तीही छोट्या पुड्यांतून. युरोपातही सगळे सारखे नाहीत, रोमानियात खर्चाचा चौथा हिस्सा अन्नावर जातो. तेव्हा 'वाटा कमी म्हणजे सुखी देश' हे गणित मांडू नका, तो कमी वाटा श्रीमंतीचाही असतो आणि दारिद्र्याचाही.

सरकारी धोरणाचा हात किती असतो याची दोन टोकं सांगतो. न्यूझीलंड आपलं जवळपास सगळं दूध, सुमारे ९५ टक्के, निर्यात करतं. साहजिकच तिथल्या गृहिणीला लोणी जागतिक भावानेच घ्यावं लागतं. २०२५ च्या मध्यावर अर्ध्या किलो लोण्याचा सरासरी भाव ८ न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला आणि दुभत्या देशात लोण्यावरून गदारोळ झाला. दुसऱ्या टोकाला कॅनडा. तिथे दूध आणि अंडी दोन्हींचं उत्पादन कोट्याने बांधलेलं आहे, ही पद्धत १९७० च्या दशकापासूनची. भाव एरवी चढाच, पण हलत नाही. २०२५ च्या सुरुवातीला सीमेपलीकडे अमेरिकेत अंडी कडाडली तेव्हा कॅनडातली अंडी बऱ्यापैकी जागेवर राहिली. आपण या दोन्हींच्या मधले. जेवढं दूध काढतो ते जवळजवळ सगळं इथेच संपवतो, त्यामुळे जागतिक बाजार कोसळला तरी रतीबाचा भाव काही उतरत नाही. शेतकऱ्याचा भाव मात्र उतरतो, भुकटीचे दर पडले की डेअरी लगेच हात आखडता घेते. हा जुना सल आहे आणि त्यात मी पडत नाही.

कराचं एका ओळीत: आपल्याकडे सुटं व पिशवीतलं ताजं दूध आणि अंडी करमुक्त आहेत, तूप-लोणी-चीजवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्के झाला, जर्मनीत दूध-अंड्यांवर सात टक्के, डेन्मार्कमध्ये सरसकट पंचवीस.

अंड्यांचा भाव मात्र कुठल्याच देशात भरवशाचा राहिलेला नाही, आणि याची पहिली ठेच आपण खान्देशातच खाल्ली. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला. तिथल्या पोल्ट्र्यांमधून गुजरातेत अंडी जातात. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. गंमत अशी की त्या वेळी अंड्यांचा भाव चढला नाही, पडला. लोकांनी भीतीने खाणंच सोडलं. आमच्या कागदांवर त्या आठवड्यांत अंड्यांची ओळ शहरांतसुद्धा रिकामी. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच. अमेरिकेत २०२२ पासून पसरलेल्या साथीत उलट घडलं. लोक खातच राहिले, कोंबड्या कमी पडल्या, आणि मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव ६.२३ डॉलर झाला, आजवरचा उच्चांक. जपानमध्ये अंड्याला 'भावाच्या बाबतीत आदर्श विद्यार्थी' म्हणायचे, कित्येक दशकं त्याचा भाव फारसा हललाच नव्हता. २०२२-२३ च्या हंगामात पावणेदोन कोटींच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या आणि तो विद्यार्थीही घसरला. तेव्हा दूध-अंड्यांचा एकत्र आकडा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उडी मारताना दिसला, तर आधी अंडी बाजूला काढून बघावी.

आता तुमचं बिल. ६२ रुपयांनी साठ लिटर म्हणजे ३,७२०. महिन्याला पासष्ट अंडी, सातने ४५५. अर्धा किलो तूप साडेतीनशेला. बेरीज ४,५२५. अडतीस हजारांत १२ टक्क्यांच्या जरा आत. शहरी सरासरी सव्वासात टक्के, शिवाय त्यात अंडी नाहीत. म्हणजे सरासरीपेक्षा जास्त, हे खरं. पण कारण भाव नव्हे. चार माणसांत साठ लिटर म्हणजे माणशी पंधरा लिटर, २०११-१२ च्या शहरी सरासरीच्या पावणेतीनपट. तुम्ही दूध भरपूर पिता, एवढंच. घरात वाढती मुलं असतील, म्हातारी माणसं असतील आणि बाहेरचं खाणं कमी असेल, तर हा खर्च मला खटकत नाही. रोज हॉटेलचा नाश्ता असता तर तुमचा दुधाचा टक्का 'सुधारलेला' दिसला असता आणि महिनाअखेर खिसा मात्र रिकामा राहिला असता.

कमी करायचाच असेल तर दोन जागा बघा. एक, चहाला आणि दह्याला एकच सहा फॅटचं दूध लागत नाही. चहापुरतं तीन फॅटचं टोन्ड घेतलं तर लिटरमागे दहा-बारा रुपये सुटतात. दही आणि साय म्हशीच्या दुधाचीच ठेवा. साय साठवून घरी तूप निघत असेल तर बाजारच्या तुपाची ओळ आपोआप लहान होईल. पण मग म्हशीच्या दुधाचा जादा भाव त्या तुपाच्या नावावर लिहायचा, दुधाच्या नाही, नाहीतर दूध उगाच महाग दिसतं. दोन, रतीबाच्या खाड्यांचा हिशेब. गावाला गेलात, लग्नाला गेलात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी चार दिवस राहिलात, ते खाडे महिनाअखेर वजा होतात का ते बघा. मी ज्या घरांत बसलो त्यांतल्या बऱ्याच घरांत कॅलेंडरवर खाड्याची फुली होती आणि गवळ्याच्या वहीत नव्हती.

वही ठेवणार असाल तर दूध लिटरात आणि रुपयांत असं दोन्ही लिहा, अंडी नगावर, तूप-लोणी वेगळं, आणि बाहेरचा चहा-पेढा त्यात मिसळू नका. वर्षाने भाव वाढला की पिणं वाढलं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि नणंदेला टक्का विचारू नका. महिन्याला किती लिटर दूध, किती किलो चीज, किती अंडी, किती युरो आणि घरभाडं किती, एवढं विचारा. चीजचं मुद्दाम सांगतो, कारण जर्मनीत माणशी वर्षाला २५ किलोच्या आसपास चीज खाल्लं जातं आणि एक किलो कडक चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. ती "आम्ही दूध फारसं पीतच नाही" म्हणाली, तर चीजचं दूध करून बघा. तुमचे पंधरा लिटर आणि तिचं दूध फार लांब नसेल.